सील न तोडता

आमच्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू बंद खोक्यात घरी आणली नाही. मिक्सर असो, इस्त्री असो, नाहीतर साधी काड्यापेटी असो, ती दुकानातच उघडायची, चालवायची, उलटी करून बघायची आणि मग एक शब्द बोलायचा. ‘घ्या’ किंवा ‘सोडा’. तिसरा शब्दच नव्हता. काड्यापेटीतली एक काडी दुकानदाराच्या तोंडासमोर ओढून ते ज्योत कशी उभी राहते ते बघत बसायचे, आणि दुकानदार बिचारा काउंटरवरचे कागद मागे सरकवायचा.

आता ते नाहीत, म्हणून हे लिहिण्याची माझी हिंमत. असते तर आधी स्वतः वाचून, उजेडात धरून बघितलं असतं आणि मला तोंडावर ‘सोडा’ म्हणाले असते.

सयाजीगंजात वसतिगृहांच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर. खाली ते एकटे, वर भाडेकरू. आमचे हे रेल्वेत, बदली होऊन बडोद्याला आलेले. घर बघायला गेलो तेव्हा मी मनाशी ठरवूनच गेले होते की काही झालं तरी आज पक्कं करून यायचं, लॉजवरचं खाऊन पोटाची पार वाट लागली होती. तर हा गृहस्थ आम्हाला घराचे दोषच दाखवत सुटला. “या कोपऱ्यात ओल धरते, इथे गादी टेकवायची नाही. हा नळ सकाळी नऊनंतर रुसतो. आणि समोरची हॉस्टेलची पोरं परीक्षा संपली की बेंबीच्या देठापासून ओरडतात, ते सहन होईल का बघा.” मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. हा माणूस घर देतोय की हाकलतोय तेच कळेना.

मग ते खाली जाऊन उभे राहिले आणि आम्हाला वर चालायला लावलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खालून आवाज आला, “आता वहिनी एकट्या चाला.” चालले बाई. “आता स्वयंपाकाची घाई आहे असं समजून चाला.” तेही चालले. मग ते जिना चढून वर आले आणि ह्यांना म्हणाले, “वहिनी टाचा आपटतात. पण लपवून चालत नाहीत. घ्या.” म्हणजे मी पास! माझ्या माहेरी मला बघायला आलेल्या माणसांनीसुद्धा मला असं चालवलं नव्हतं. मी इतकी चिडले की त्या दिवशी जिना उतरताना मुद्दाम टाचा आपटत उतरले. पण घर घेतलं, आणि त्यांनी सांगितलेल्या दोषांखेरीज एकही नवा दोष त्या घरात आम्हाला कधी सापडला नाही, हेही सांगायला हवं.

गल्लीत सगळे त्यांना काका म्हणत. काकांबरोबर खंडेराव मार्केटात जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला म्हणून समजावं. ते वांगं नुसतं दाबून बघत नसत. देठ बघायचे, कानाशी नेऊन टिचकी मारायचे, हातात तोलायचे. भाजीवाली ओरडायची, “काका, लेवुं होय तो लो, परीक्षा ना लो!” आणि काका शांतपणे सांगायचे, “परीक्षा तारी नथी, रिंगणांनी छे.” तुझी नव्हे, वांग्यांची. आजूबाजूच्या बायका हसायच्या. पण त्यांनी निवडून बाजूला काढलेली वांगी मग त्याच बायका उचलायच्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. काकांनी पास केलेलं वांगं कधी किडकं निघालं नाही.

अख्खी गल्लीच त्यांच्या भरवशावर होती. समोरच्या घरातल्या गुजराती बेननं मुलीच्या लग्नात द्यायला कुकर घेतला, तो आधी काकांकडे गेला. काकांनी त्यात वरण शिजवलं, मग भात, मग दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी खिचडी. मुलीच्या सासरी कुकर गेला तो हळदीचा वास घेऊन. बेनला त्याचं काही नव्हतं. “चाले छे ने, बस!” म्हणाली. पण याच बेननं मला एकदा काकूंची गोष्ट सांगितली. काकू आम्ही यायच्या आधीच गेलेल्या. काका साडी आणायचे ती आवडीनं पसंत करून आणायचे, नाही असं नाही, पण घरी आल्या आल्या पदराचं टोक ओलं करून पांढऱ्या रुमालावर घासून बघायचे. रंग जातो का! “तमारी काकीए कोई दिवस कोरी साडी नथी पहेरी,” बेन हसत हसत म्हणाली, आणि मग ओढणीनं डोळे पुसले.

शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात काकांची सगळी नोकरी गेली, बाहेरून येणारा माल तपासायच्या खात्यात. तिथला तो ‘घ्या’ आणि ‘सोडा’. एकदा मी खाली त्यांना आमटी द्यायला गेले. पातेल्याची कडी सैल झाली होती, ती बघून ते काही बोलणार तोच मी म्हटलं, “असू दे हो काका, चालेल.” बाप रे! असे उखडले! “चालेल? चालेल म्हणजे काय? चालेल म्हणजे नापास! हा शब्द या घरात बोलायचा नाही!” मी आमटी तिथेच ठेवली आणि वर निघून आले. म्हटलं, गेला खड्ड्यात हा म्हातारा.

दुसऱ्या दिवशी काका पातेलं घेऊन वर आले. कडी घट्ट बसवलेली. खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, आणि म्हणाले, “वहिनी, मी नोकरीत एकदाच ‘चालेल’ म्हणालो होतो. एका झडपेला. वरून घाई होती, माल अडला होता, मला तिची बैठक जरा वाकडी वाटली होती. तरी म्हणालो, चालेल. महिन्याभरात ती फुटली. एका फिटरचा डोळा गेला.” एवढंच. कुणी त्यांना दोष दिला की नाही, ते मी विचारलं नाही. पाणी पिऊन पेला त्यांनी उजेडाकडे धरून बघितला, सवयीनं, आणि खाली गेले. मला माझ्या आदल्या दिवशीच्या रागाचं वाईट वाटलं.

तर असा हा माणूस, आणि त्याला एकच मुलगा. तो कॅनडात. दर रविवारी फोनवर दोघं एकमेकांची तोंडं बघायचे आणि हवेबद्दल बोलायचे. तिकडे बर्फ, इकडे ऊन. हवा संपली की फोन संपायचा. मुलगा काकू गेल्या तेव्हा आला होता तो शेवटचा. सून तर लग्नानंतर या घरात पाऊल टाकायला तयार नव्हती, आणि मी तिला नावं ठेवणार नाही. मुलानं तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा काकांनी तिला तासभर प्रश्न विचारले, राग आल्यावर काय करता, वस्तू हरवली तर शोधता का नवी आणता, आणि मग तिच्यासमोर, चहाचा कप खाली ठेवून, मुलाला म्हणाले, “चांगली आहे. घ्या.” काकांच्या दृष्टीनं याहून मोठी शाबासकी जगात नव्हती. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की ती उठून का गेली.

मग एका रविवारी मुलगा हवेच्या मध्येच म्हणाला की सुट्टीत नातवाला घेऊन येतो. काका धावत वर आले. जिन्यात पडायचेच बाकी होते. नातवाला त्यांनी फक्त फोनच्या काचेतून बघितलेलं. त्यांनी त्याला विचारलं होतं, तुला काय आणून ठेवू? आणि त्या पोरानं तोडक्या मराठीत सांगितलं होतं: जोडायच्या ठोकळ्यांचा एक छोटा संच. कुठल्याशा सिनेमातलं अवकाशयान, त्यात नारिंगी शिरस्त्राण घातलेला एक एवढासा वैमानिक. मोठं यान नको, तेच छोटं हवं, कारण तो वैमानिक फक्त त्याच खोक्यात येतो.

“वहिनी, हे घेण्यासारखं आहे का?” काकांनी माझ्यापुढे फोन धरला. मी म्हटलं, “अहो काका, पोरानं तोंडानं मागितलंय. त्यात बघायचं काय?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून चहा टाकला.

पुढचे कितीतरी दिवस त्यांना दुसरा विषय नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की साध्या ठोकळ्यांच्या खोक्यातून घर होतं, गाडी होते, पूल होतो. यातून एकच यान होणार. शिवाय खोक्यावर सिनेमाचं नाव छापलं म्हणून किंमत चढलेली. “प्लॅस्टिक तेच. नाव काढून घेतलं तर आत काय उरतं? नावाला पकड नसते, वहिनी.” मी म्हटलं, “वैमानिक उरतो.” ते विचारात पडले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “वैमानिकाचा मुद्दा बरोबर आहे.”

शेवटी मला घेऊन लहरीपुऱ्यात गेले. तिथल्या जुन्या वेशीच्या दरवाज्यापासून जरा आत एक खेळण्यांचं दुकान होतं. दुकानदारानं आधी नकली माल काढला. हुबेहूब तेच यान, पातळ खोक्यात, किंमत अगदीच कमी. नमुना उघडाच होता. काकांनी दोन ठोकळे जोडले, कानाशी नेऊन सोडवले, पुन्हा जोडले. “आवाज पोकळ आहे. महिन्यात सैल पडेल. सोडा.” मग दुकानदारानं असली खोकं ठेवलं. तळहातापेक्षा थोडंसं मोठं, चारी बाजूंनी चिकटवलेलं. काका म्हणाले, “उघडा.” दुकानदार हसला. “काका, सील तोड्या पछी पाछुं नहीं लेवाय.” म्हणजे तोडलं की परत घेणार नाही. काकांनी ते हलवलं, तोललं, उजेडात धरलं. आतला माल काही दिसेना. असा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. मी म्हटलं, “घ्या हो काका, हा शब्द आज मी बोलते!” ते म्हणाले, “तपासणीसाठी घेतो. पसंत पडलं तर त्याला देऊ.” पैसे देताना त्यांचा हात जड झाला होता, पैशापायी नव्हे, न बघता वस्तू घ्यावी लागली म्हणून.

घरी आल्यावर त्यांनी टेबलावर पांढरा पंचा पसरला, चष्मा पुसला आणि सील तोडलं. आतल्या पिशव्या कात्रीनं कापल्या. ठोकळे रंगाप्रमाणे लावले. मी भाजी निवडायच्या निमित्तानं तिथेच बसले होते, कारण मलाही बघायचं होतं, उगीच का खोटं बोलू? सोबतचं चित्रांचं पुस्तक बघून त्यांनी ते यान जोडलं. मग सगळं सोडवून पुन्हा जोडलं. टेबलावरून खाली पाडलं, गादीवर पाडलं, पंख धरून उचललं. प्रत्येक ठोकळ्याची पकड बघितली. शेवटी एक बारीक ठोकळा जास्तीचा उरला, त्यावरून रात्रीचं जेवण गेलं नाही त्यांना. “जास्तीचा नग निघतो म्हणजे मोजणी ढिली आहे!”

आणि स्टिकर. यानाच्या पंखांवर लावायच्या बारीक पट्ट्या एका कागदावर होत्या. काका म्हणाले, “हा मात्र दोष. छापूनच द्यायला हवं होतं. पोर वाकडं लावणार, मग उचकटणार, मग चिकटत नाही.” आणि त्यांनी चिमट्यानं, श्वास रोखून, सगळ्या पट्ट्या स्वतः लावल्या. काय सरळ लावल्या होत्या! फूटपट्टी धरून बघितलं असतं तरी रेघ चुकली नसती.

“वहिनी,” ते मागे टेकून म्हणाले, “नावाचे पैसे घेतात हे खरं. पण पकड उत्तम. वैमानिकाची मानसुद्धा फिरते. घ्या!” आणि असे हसले की मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. मग यान सोडवून त्यांनी ठोकळे छोट्या छोट्या पिशव्यांत भरले, मूळच्यापेक्षा नीट, आणि खोक्याची झडप खळीनं चिकटवली.

नातू आला. गोड पोर होतं, मोठे डोळे, हळू बोलणारं. वाकून नमस्कार केला, तेवढं त्याला शिकवून आणलं होतं. काकांनी त्याला टेबलाशी बसवलं आणि ते खोकं पुढे ठेवलं. पोरानं खोकं बघितलं आणि असं किंचाळलं की मला हसू आलं. मग त्यानं कडेवरून बोट फिरवलं. थांबलं. झडप उघडली. पिशव्या बाहेर काढल्या. पंखाचा तुकडा हातात घेतला, त्यावरची पट्टी बघितली.

“आजोबा,” तो म्हणाला, “हे कुणीतरी आधी केलंय.”

“मीच केलं!” काका आनंदानं म्हणाले. “दोनदा केलं! पाडून बघितलं, ओढून बघितलं. एकदम पास आहे. तू आता डोळे मिटून खेळ!”

पोरानं ‘थँक यू’ म्हटलं. शहाण्यासारखं म्हटलं, तेच जास्त लागलं. वैमानिकाला खिशात घातलं आणि बाकीचं सगळं टेबलावर ठेवून ते माझ्याबरोबर गच्चीत माकडं बघायला आलं. मी त्याला विचारलं, का रे, नाही आवडलं? तर म्हणाला, “आवडलं. पण मला ओपन करायचं होतं.”

मी खाली आले तेव्हा बापलेक समोरासमोर बसले होते. मुलगा चढ्या आवाजात बोलत नव्हता. अगदी हळू बोलत होता. “बाबा, मला या घरात एकसुद्धा बंद खोकं मिळालं नाही. बॅट आली ती तुम्ही आठवडाभर बडवून आणलेली. सायकल आली ती तुम्ही कामावर नेऊन आणलेली. उत्तरायणाला सगळं बडोदं गच्चीवर असायचं आणि तुम्ही खाली पतंगांच्या काड्या वाकवून बघत बसायचात. पास झालेला पतंग माझ्या हातात यायचा तेव्हा वारा पडलेला असायचा.”

काका म्हणाले, “पण त्यातली एक तरी वस्तू कधी बिघडली का?”

“नाही ना,” मुलगा म्हणाला. “एकही नाही.” आणि उठून आत गेला.

ठरल्याप्रमाणे राहून ते परत गेले. भांडण नाही, अबोला नाही. निघताना मुलगा पाया पडला. ‘पुन्हा कधी?’ असं काकांनी विचारलं, त्यावर ‘बघू’ म्हणाला. रिक्षा वळली तरी काका दारापुढच्या ओटल्यावर उभे. मला म्हणाले, “वहिनी, ‘बघू’ म्हणजे सोडा. नाही?” मला रडूच आलं.

त्यानंतर रविवारचे फोन आखूड झाले. काका मार्केटात जायचे, पण भाजी घेऊन लवकर यायचे. भाजीवालीनं मला विचारलं, काकाची तबियत बरी नथी? आता परीक्षा लेता नथी. मुलगा आता परत येणार नाही, नातू तर नाहीच, या एका विचारानं तो माणूस आतून खचत चालला होता, आणि कुणाला बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती.

एका सकाळी ते जिना चढून आले. हातात पिशवी. पिशवीत तेच खोकं. तोच सिनेमा, तेच यान. चारी बाजूंनी चिकटवलेलं, न उघडलेलं.

“हे तुमच्याकडे ठेवा,” म्हणाले. “वर, कपाटात. माझ्या हाताला लागू द्यायचं नाही. मी मागितलं तरी द्यायचं नाही.”

“नातवासाठी आणलंत?”

“नाही. त्याच्या बापासाठी.”

मी स्टूल घेऊन चढले आणि माळ्यावरच्या कपाटात, गोधड्यांच्या मागे, ते ठेवून दिलं.

पण सवय कुठे जाते? दोन दिवसांनी वर. “ते बरं आहे ना? उंदीर नाहीत ना तुमच्याकडे?” मग पुन्हा. “वहिनी, एकदा नुसतं हलवून दाखवा. मी इथूनच ऐकतो. ... नको, नको, राहू द्या.” एकदा तर चक्क जिन्यात बसून राहिले. म्हणाले, “आत एखादा नग कमी असला तर? पंख तडकलेला असला तर? आयुष्यभरात मी न तपासलेला माल पुढे पाठवलेला नाही. तोसुद्धा त्याला!” मी म्हटलं, “मग करा तपासणी. काढून देऊ का?” त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. “तेवढं मात्र करू नका,” म्हणाले. त्यांची ती तगमग मला बघवेना. अन्न गोड लागेना मला.

मी तशी तोंडाची फटकळ, सगळ्यांना माहीत आहे. एका रविवारी त्यांच्या मुलाला मीच फोन लावला. इकडचं तिकडचं बोलले नाही. म्हटलं, “तुमच्या बाबांनी तुमच्यासाठी एक खोकं आणून माझ्या कपाटात ठेवलंय. सील न तोडता. रोज जिन्यापर्यंत येतात आणि हात मागे बांधून परत जातात. त्यांना हे किती जड जातंय ते तुम्हाला कळेल, मला पुरतं कळत नाही. तुम्हाला यायचं तर या, नाही तर तसं सांगा, म्हणजे मी ते खोकं त्यांना देऊन टाकते.” मग तो म्हणाला, “देऊ नका, वहिनी.”

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, तो आला. नातवालाही घेऊन आला, शाळा बुडवून. सून नाही आली, पण तिनं काकांसाठी गरम मोजे पाठवले होते, आणि ते पाकीट काकांनी न उघडता मुलाकडेच दिलं, तू उघड म्हणाले. गल्लीतली सगळी माणसं गच्च्यांवर, “काप्यो! काप्यो!” चाललेलं, घराघरांतून उंधियूचा वास. दुपारी जरा वारा पडला तेव्हा मी ते खोकं घेऊन खाली गेले आणि मुलाच्या हातात दिलं. काकांकडे बघितलंसुद्धा नाही.

मुलगा चाळिशी ओलांडलेला, कानशिलावर पांढरे केस. त्यानं ते खोकं हातात फिरवलं. सगळ्या बाजूंनी बोट लावून बघितलं. बापाचाच मुलगा! मग नातू म्हणाला, “बाबा, ओपन ना!” आणि त्यानं अंगठ्यानं सील तोडलं. तो बारीकसा आवाज झाला तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले.

तिघं टेबलाशी बसले. म्हणजे दोघं जोडत होते आणि काका नुसते बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. कुठला ठोकळा कुठे लागतो हे त्यांना पाठ होतं, आणि मुलगा चुकला की त्यांचे ओठ हलायचे, पण शब्द बाहेर येत नव्हता. एक भाग उलटा बसला, सोडवावा लागला. एक बारीक ठोकळा जास्तीचा उरला, तो पोरानं हसत हसत आजोबांच्या खिशात टाकला. “हरवला तर असावा म्हणून एक्स्ट्रा देतात, आजोबा. नेहमीच देतात.” काका त्याच्याकडे बघत राहिले.

शेवटी पट्ट्या आल्या. मुलानं कागदावरून एक सोडवली, नखावर धरली आणि पंखावर लावली. वाकडी लागली. थोडीथोडकी नाही, चांगली तिरकी. मुलाचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला, आणि तो घाईघाईनं नखानं ती पट्टी उचकटायला लागला. मी त्यांच्याच स्वयंपाकाच्या ओट्याशी पुऱ्या तळत उभी होते, माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

“राहू दे,” काका म्हणाले.

मुलगा थांबला. “वाकडी लागलीय, बाबा.”

काकांनी पंखाकडे बघितलं. मग मुलाकडे.

“चालेल,” म्हणाले.

त्या घरात त्या शब्दाचा अर्थ काय, ते मुलाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यानं यान हळूच टेबलावर ठेवलं. वरच्या गच्चीतून कुणीतरी ओरडलं, वारा सुटला, वर या, आणि नातू फिरकी उचलून जिन्याकडे पळाला.

काकांनी मांड्यांखालचे हात बाहेर काढले. इतका वेळ दाबून धरलेले, बधिर झाले होते, बोटं मिटेनात. मुलानं खुर्ची जवळ ओढली आणि ते दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चोळत बसला.